मिलिमीटरमधला मैल

समुद्रावर एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. सेक्स्टंटच्या कंसावर हाच मैल मिलिमीटरच्या चाळीसाव्या भागात मावतो आणि वर थोडी जागा उरते. सूर्याची किंवा ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजताना एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली की नकाशावरची आपली स्थानरेषा एक मैल सरकते. हल्लीच्या सेक्स्टंटच्या कंसाची त्रिज्या साधारण १६ सेंटिमीटर. किरण दोन आरशांतून येत असल्यामुळे कंसावरचा अर्धा अंश एक अंश म्हणून वाचला जातो. हिशेब केला तर एक कला कंसावर ०.०२३ मिलिमीटर भरते. कोणी जुना सेक्स्टंट माझ्यासमोर ठेवला की मी आधी हा आकडा आठवतो. मग पितळेची झळाळी, सागवानी पेटी आणि झाकणावरची कंपनीची पट्टी यांचा मनावर फार पगडा राहत नाही.

व्यापारी जहाजांवर नेव्हिगेशनमध्ये उमेदीची वर्षं घालवून मी रत्नागिरीत स्थिरावलो, तेव्हापासून लोक असे सेक्स्टंट घेऊन येतात. सेकंड मेटच्या परीक्षेला बसणारी मुलं येतात, शिडाच्या बोटींची हौस असलेले येतात, जुन्या वस्तू जमवणारे येतात. सेक्स्टंट कुठून आला हे बहुतेक वेळा ठरलेलं असतं. गुजरातेत अलंगला १९८३ पासून जहाजं फोडली जातात आणि तिथल्या रस्त्यालगतच्या दुकानांत जहाजावरचं सगळं विकायला असतं: खुर्च्या, कपबशा, लाइफजॅकेट आणि एखाद्या कपाटात सेक्स्टंटही. मुंबईत दारूखाना आणि चोरबाजार आहेतच.

चोरबाजारातल्या मालाबद्दल आधी बोलून मोकळा होतो, कारण तिथे प्रश्न अचूकपणाचा नसून खरेखोटेपणाचा असतो. रुडकीसारख्या ठिकाणी पितळेचे शोभेचे सेक्स्टंट बनतात आणि जगभर जातात. त्यांतल्या पुष्कळांवर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असं कोरलेलं असतं. केल्विन अँड ह्यूज ही कंपनी दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन १९४७ साली झाली, तेव्हा तिचा १९१७ चा सेक्स्टंट असूच शकत नाही. नाव-साल माहीत नसलं तरी व्हर्नियर, म्हणजे कंसावर सरकणारी बारीक रेघांची पट्टी, खोटं बोलत नाही. व्हर्नियरची शून्याची रेघ कंसावरच्या एखाद्या रेघेशी तंतोतंत जुळवली की त्याची शेवटची रेघही कंसावरच्या रेघेशी जुळायला हवी, आणि मधली एकही जुळता कामा नये. शोभेच्या वस्तूत हे कधी जमत नाही. शिवाय तिच्या आरशांमागे ते सारखे करायचे स्क्रूच नसतात. दिवाणखान्यात ठेवायला ती खुशाल घ्या, पण तिच्यावर नेव्हिगेशन शिकू नका.

आता खऱ्या सेक्स्टंटकडे येतो. त्यातले दोष मी तीन प्रकारचे मानतो. पहिले, हाताने दुरुस्त होणारे: कंसावर फिरणाऱ्या इंडेक्स बारवरचा इंडेक्स आरसा फ्रेमच्या पातळीला काटकोनात नसणं, फ्रेमवर पक्का बसवलेला होरायझन आरसा कलता असणं, दोन्ही आरसे शून्यावर समांतर नसणं. स्क्रू फिरवला की हे जातात. दुसरे, दुरुस्त न होणारे पण कायम एकसारखे राहणारे: इंडेक्स बारचा खुंटा कंसाच्या नेमक्या केंद्रात नसणं, रेघा आखतानाच राहिलेली बारीक चूक. हे एकदा मोजून कागदावर लिहिले की वाचनातून वजा करता येतात. तिसरे दोष लहरी. सकाळी एक, दुपारी एक, पेटीत घालून बाहेर काढलं की तिसरंच. जुना सेक्स्टंट पारखणं म्हणजे हे तिसऱ्या प्रकारचे दोष शोधणं, असं माझं ठाम मत आहे. दोन कलांची चूक रोज तशीच दाखवणारा सेक्स्टंट मी जहाजावर नेईन. कधी शून्य तर कधी एक कला दाखवणारा नेणार नाही.

बहुतेक लोक उलटं करतात. ते आरसे बघतात. आरशाच्या कडेला काळे डाग दिसले, पाठीवरचा चांदीचा मुलामा खाऱ्या हवेने उडालेला दिसला, की नाक मुरडतात. बैलबाजारात जाणता शेतकरी कातडीच्या तकाकीला भुलत नाही. तो दात बघतो, खूर बघतो आणि मग जनावर चालवून बघतो. सेक्स्टंटही चालवूनच बघायचा असतो.

विकणारा तो पेटीतून कसा उचलतो, इकडे माझं लक्ष असतं. फ्रेमला किंवा मुठीला धरून उचलला तर ठीक. इंडेक्स बारला धरून उचलला तर याआधीही तो तसाच उचलला गेला असणार आणि खुंट्यावर ताण आला असणार, हे गृहीत धरतो. मग फ्रेम. वाकलेली फ्रेम नुसत्या डोळ्यांना क्वचितच कळते. ती कळते इंडेक्स आरशातून. बार कंसाच्या साधारण मध्यावर आणायचा, सेक्स्टंट आडवा धरायचा आणि आरशात तिरकं बघायचं. आरशाबाहेर दिसणारा खरा कंस आणि आरशातला कंस मिळून एक अखंड रेषा दिसली पाहिजे. तुटक दिसली तर आरशामागचा स्क्रू फिरवून ती जुळवतात, हे सगळ्या पुस्तकांत असतं. मी मात्र ती जुळवल्यावर बार पुढेमागे नेऊन पुन्हा पुन्हा बघतो. मध्यावर अखंड आणि टोकांकडे तुटक असं दिसलं तर आरशाचा दोष नाही. फ्रेम तरी पिळवटली आहे किंवा खुंटा तरी तिरका झाला आहे. लोखंडी डेकवर एकदा पडलेला सेक्स्टंट असा असतो. वरून रंग दिलेला असेल, नवे आरसे बसवलेले असतील, तरी तो मी परत देतो.

त्यानंतर वर्म आणि दाते. मायक्रोमीटर ड्रमचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक अंश. ड्रमच्या आसावरचं मळसूत्र, म्हणजेच वर्म, कंसाच्या कडेला कापलेल्या दात्यांत बसलेलं असतं आणि स्प्रिंगने तिथे दाबून धरलेलं असतं. मिलिमीटरच्या चाळीसाव्या भागाचा मान राखायचं काम या जोडीचं. क्लॅम्प दाबून बार सोडवायचा आणि भिंगातून दाते बघायचे. काळं पडलेलं जुनं ग्रीस, हिरवा गंज, मीठ हे मऊ ब्रशने आणि योग्य तेलाने निघतं. चेपलेला दाता कशानेच निघत नाही. मग ड्रम शून्यावर ठेवून बार कंसावर ठिकठिकाणी न्यायचा. प्रत्येक ठिकाणी इंडेक्सची खूण अंशाच्या रेघेवर बसते का हे बघायचं. ती रेघेच्या अलीकडे-पलीकडे राहत असेल तर घाईत पूर्ण अंशाची चूक होऊ शकते, आणि एक अंश म्हणजे साठ मैल.

बॅकलॅश, म्हणजे मळसूत्र आणि दाते यांच्यातला मोकळा वाव, हा जुन्या सेक्स्टंटचा ठरलेला आजार. क्षितिज आणि त्याचं प्रतिबिंब ड्रम एका बाजूने फिरवत आणून एका ओळीत आणायचं, वाचन घ्यायचं. मग विरुद्ध बाजूने फिरवत आणून पुन्हा घ्यायचं. दोन वाचनांतला फरक तो बॅकलॅश. फरक आहे म्हणून मी घाबरत नाही. नेहमी एकाच बाजूने ड्रम फिरवत शेवट करायची सवय ठेवली तर कायमचा बॅकलॅश प्रत्येक वाचनात सारखाच येतो आणि इंडेक्स एररमध्ये, म्हणजे शून्य दिसायला हवं तिथे दिसणाऱ्या चुकीत, मिसळून जातो. प्रश्न वेगळाच असतो. शून्याजवळ हा वाव किती आणि चाळीस-पन्नास अंशांच्या भागात किती? वर्षानुवर्षं ज्या भागात सूर्य मोजला गेला तिथे दाते झिजलेले असतात. दोन ठिकाणी वेगवेगळा वाव असलेला सेक्स्टंट मला नको.

गेल्या हिवाळ्यात हर्णैचा एक मुलगा फ्रायबर्गर ड्रम सेक्स्टंट घेऊन आला. पूर्व जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये बनलेला, अलंगच्या रस्त्यावर घेतलेला. काळा रंग पोपडे धरून सुटलेला, होरायझन आरशाची कड डागाळलेली, दुर्बिणीच्या भिंगावर बुरशीचे धागे.

“काका, आधी आरसे नवे टाकून घेऊ का? मग तपासू.”

“अजिबात नको. आधी हा काय बोलतो ते ऐकू.”

भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी क्षितिज स्वच्छ होतं. त्याला इंडेक्स एरर घ्यायला लावली. मग बार नव्वद अंशांपर्यंत नेऊन परत आणायला लावला आणि पुन्हा इंडेक्स एरर. सेक्स्टंट पेटीत ठेवून, पेटी उचलून वाळूतून चालत जाऊन परत येऊन पुन्हा. आरशांच्या क्लिपांवर बोटाने हलकेच टिचकी मारून पुन्हा. सगळी वाचनं दोन दशांश कलेच्या आत. मी त्याला तिथेच सांगितलं की हा ठेव, आरसेही सध्या बदलू नकोस. त्याच आठवड्यात एका संग्राहकाने मोठ्या नावाचा, नवा रंग दिलेला, आरसे लखलखणारा सेक्स्टंट आणला होता. पेटीतून काढून ठेवला की त्याची इंडेक्स एरर दीड-दोन कलांनी हलायची. कोणीतरी आरसा नवा बसवला होता, पण मागची स्प्रिंग सैल सोडली होती. ती कसल्यावर तो सुधारला. सुधारला नसता तर त्याची किंमत शोभेच्या पितळेइतकीच.

इंडेक्स एरर घराच्या गच्चीवरून तपासणाऱ्यांना एक सांगतो. इंडेक्स आरसा आपल्या दृष्टिरेषेपासून पाच-सहा सेंटिमीटर दूर असतो. दोनशे मीटरवरच्या नारळाच्या शेंड्यावर तपासलं तर केवळ त्या अंतरामुळे जवळजवळ एक कला चूक दिसते, आणि चांगला सेक्स्टंट हकनाक बदनाम होतो. समुद्राचं क्षितिज घ्या, तारा घ्या किंवा सूर्य घ्या.

सूर्याची चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात सेक्स्टंट आणि माणूस दोघेही तपासले जातात. पुरेशा गडद काचा लावून सूर्याचं बिंब आणि प्रतिबिंब आधी एका बाजूने एकमेकांना चिकटवायचं, मग दुसऱ्या बाजूने. समजा एप्रिलअखेरीस एकदा शून्याच्या पुढे ३३.२ कला आल्या आणि एकदा मागे ३०.४. फरकाची निम्मी, म्हणजे १.४ कला, ही इंडेक्स एरर. ती शून्याच्या पुढे आहे म्हणून वाचनातून वजा करायची. आता दोन्हींची बेरीज ६३.६, तिला चाराने भागलं की १५.९. ही सूर्याची त्रिज्या. नॉटिकल अल्मनॅकमध्ये त्या दिवशीच्या पानावर ती छापलेली असते आणि एप्रिलअखेरीस ती १५.९ च असते. जानेवारीत १६.३, जुलैत १५.८. उत्तर पुस्तकाशी जुळलं तर डोळा, हात, ड्रम आणि आरसे एकमेकांशी प्रामाणिक आहेत. दोन-तीन दशांश कलांनी सारखं चुकत असेल तर आधी स्वतःला तपासायचं, मग सेक्स्टंटला.

आरसे बघायचेच तर डागांसाठी बघू नका. काचेचे दोन पृष्ठभाग समांतर आहेत का, ते बघा. डागाळलेला आरसा प्रकाश खातो, वाचन बिघडवत नाही. गावातल्या आरसेवाल्याकडून साधी काच कापून बसवलेला आरसा स्वच्छ दिसतो आणि वाचन बिघडवतो. रात्री एखादा तेजस्वी तारा इंडेक्स आरशात अगदी तिरका, बार कंसाच्या दूरच्या टोकाकडे नेऊन बघायचा. काच समांतर नसेल तर तारा फुटल्यासारखा, जोडीने दिसतो. रंगीत काचांचंही तसंच: काचा बदलून बदलून सूर्याची बिंबं एकमेकांवरून सरकतात का ते बघायचं. दुर्बिणीबद्दल मी फार आग्रही नाही. बुरशी साफ होते, दुर्बीण बदलताही येते.

केंद्रदोषाची, म्हणजे खुंटा कंसाच्या नेमक्या केंद्रात नसण्याची, चाचणी मात्र वेळ मागते. पूर्वी ती वेधशाळेत होई. इंग्लंडमधल्या क्यू वेधशाळेत आणि पुढे नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत सेक्स्टंट तपासून ठरावीक अंशांवरच्या चुकांचा तक्ता देत. तो पेटीच्या झाकणात चिकटवलेला असतो. प्लाथ, तामाया, फ्रायबर्गर यांच्या पेट्यांतही निर्मात्याचं असं प्रमाणपत्र असतं. त्यावरचा क्रमांक कंसावरच्या क्रमांकाशी जुळतो का हे आधी बघावं, कारण पेट्यांची अदलाबदल सर्रास होते. जुळला तरी तो कागद त्या दिवसाचा आहे. मधल्या चाळीस वर्षांत काय झालं ते त्याला माहीत नाही.

म्हणून मी आकाशाला विचारतो. जानेवारीत रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला आपल्याकडे मोठे तारे उंचावर असतात. काक्षी आणि राजन्य यांच्यात सुमारे १८.६ अंश, व्याध आणि प्रश्वा यांच्यात २५.७, व्याध आणि रोहिणी यांच्यात ४६, व्याध आणि ब्रह्महृदय यांच्यात जवळपास ६६. ही अंतरं अल्मनॅकमधून त्या रात्रीसाठी दशांश कलेपर्यंत काढता येतात. वातावरण प्रत्येक तारा थोडा वर उचलून दाखवतं, त्यामुळे दोघांतलं अंतर किंचित आकसतं. तेवढी दुरुस्ती करायची. मग प्रत्येक जोडीची सहा-सात वाचनं घेऊन सरासरी काढायची आणि कंसावर कुठल्या अंशाला किती फरक पडतो याचा स्वतःचा तक्ता करायचा. तारे जुळवताना मान अवघडते, हात थरथरतात, मन विचलित होतं. तरी रेघ आणि तारा यांचा मेळ बसल्याचा जो आनंद त्या वाळूवर मिळतो तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

या रेघांबद्दल माझ्या मनात आदर आहे. जॉन हॅडलीने १७३१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं परावर्तनाचं उपकरण मांडलं तेव्हा रेघा हातानेच आखल्या जात. उपकरण लहान करायचं तर चूक मोठी होई. जेसी रॅम्स्डेनने १७७५ च्या सुमारास रेघा आखायचं यंत्र पूर्णत्वाला नेलं, तेव्हा लहान आणि तरी अचूक सेक्स्टंट शक्य झाला. ब्रिटनच्या बोर्ड ऑफ लाँजिट्यूडने त्याला पैसे दिले ते या अटीवर की ही विद्या त्याने इतर कारागिरांनाही शिकवावी. ही अट मला फार मोलाची वाटते. त्या काळच्या एखाद्या कंसावर मध्यभागी लहानसा नांगर आणि अक्षरं दिसली तर ती बहुधा रेघा आखणाऱ्याची खूण असते. विकणाऱ्याचं नाव वेगळं असू शकतं.

प्लास्टिकच्या सेक्स्टंटबद्दल मुलं विचारतात. शिकायला चांगले, स्वस्त, हलके. पण उन्हात तापले की त्यांची इंडेक्स एरर बदलते, म्हणून प्रत्येक वेधाच्या आधी आणि नंतर ती घ्यावी लागते. ही शिस्त अंगी बाणवायला ते उपयोगी आहेत. त्यांच्यावर मैलभराचा भरवसा ठेवू नये.

उपग्रहाच्या काळात हा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांना मी तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून जाणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलायला सांगतो. तिथे जीपीएसचे संकेत अडवले जातात, खोटे पाठवले जातात, आणि पडद्यावर जहाज जमिनीवर उभं असलेलं दिसतं. सूर्याला असं फसवता येत नाही. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे शिडाच्या बोटीतून एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत, उपग्रहाच्या मदतीने नेव्हिगेशन करायला बंदी होती. भारताचे अभिलाष टॉमी त्या शर्यतीत सेक्स्टंट घेऊन उतरले, तेही गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’ या बोटीतून. ती ज्या ‘सुहैली’च्या बेतावर बांधली ती मुंबईत बांधलेली, आणि तिच्यातूनच रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्या किनाऱ्याचं या विद्येशी असं जवळचं नातं आहे.

कोकणात जहाजावर नोकरी केलेली माणसं गावोगाव आहेत, आणि त्यांच्या माळ्यांवर, कपाटांत असे सेक्स्टंट पडून आहेत. तुमच्या घरी एखादा असेल तर त्याच्या कंसाला चिंच, रांगोळी किंवा पितळ उजळायची पावडर लावू नका. रेघा घासून गेल्या की तो कायमचा गेला. पेटीतला कागद फेकू नका, सैल वाटला म्हणून कुठलाही स्क्रू पिळू नका. फ्रेमला धरून उचला, समुद्रावर घेऊन जा आणि वर सांगितलेली वाचनं घ्या. वाचनं टिकली तर नेव्हिगेशन शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला तो वापरायला द्या.